हरित गुंतवणूक कारखान्याच्या छतावर थांबू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीत आपला वाहनांचे सुटे भाग बनवणारा लघुउद्योग आहे. मशिनिंग, जस्ताचे प्लेटिंग आणि पावडर कोटिंग ही तिन्ही कामे एकाच आवारात चालतात. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने कार्बनचा हिशेब मागितला आहे, बँक छतावरील सौर संचासाठी कर्ज द्यायला तयार आहे, आणि हरित गुंतवणुकीने व नव्या तंत्रज्ञानाने उद्योग खरोखर पर्यावरणपूरक होतो की हे सारे कागदोपत्रीच राहते, असे आपण विचारले आहे. होत असेल, तर हाती असलेला पैसा आधी कुठे घालावा, हा प्रश्नाचा दुसरा भाग आहे. मी बरीच वर्षे मराठवाड्यातील कारखान्यांत ऊर्जा आणि पाणी यांचे लेखापरीक्षण करीत आलो आहे, त्या आधारावर उत्तर देतो.

उद्योग पर्यावरणपूरक होतो, यात मला शंका नाही. मात्र गुंतवणुकीचे फळ कोणत्या एककात मोजायचे हे आधी ठरते, आणि त्या एककात जे उठून दिसते तेच तंत्रज्ञान विकत घेतले जाते. आज हरित पैशाचे मोजमाप जवळपास सर्वत्र कार्बनच्या टनांत आणि विजेच्या युनिटांत होते. मराठवाड्यात मात्र कारखान्याचा निसर्गावरील सर्वांत मोठा भार पुष्कळदा पाण्याचा असतो, आणि पाण्याचा रकाना कर्जाच्या अर्जात कोरा राहतो. आपण गुंतवणुकीचा विचार करताना युनिट आणि घनमीटर हे दोन्ही आकडे समोर ठेवावेत, हे माझ्या उत्तराचे सार आहे; बाकीचे सारे त्याचे स्पष्टीकरण आहे.

ग्राहकाची मागणी कुठून आली ते आधी पाहू, कारण ती तात्पुरती आहे असे अनेक उद्योजक समजतात. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 या आर्थिक वर्षापासून पर्यावरण, समाज आणि कारभार यांविषयीचा अहवाल सक्तीचा केला. त्या अहवालाची झळ हळूहळू सुटे भाग पुरवणाऱ्यांपर्यंत पोहोचणे अटळ होते. दुसरा दाब युरोपातून येतो. युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन समायोजन यंत्रणा 1 ऑक्टोबर 2023 रोजी केवळ माहिती देण्यापुरती सुरू झाली आणि 1 जानेवारी 2026 पासून तिचा शुल्क आकारण्याचा टप्पा लागू झाला. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज हे तिचे विषय असले, तरी पोलादाच्या यादीत स्क्रू, बोल्ट, नट यांसारखा तयार मालही आहे. आपला ग्राहक तसा माल युरोपात पाठवत असेल, तर उत्सर्जनाच्या आकड्यांची मागणी त्याच्यामार्फत आपल्यापर्यंत येऊ शकते. पुरवठादाराने स्वतःचे मोजलेले आकडे दिले नाहीत, तर ठरीव आकडे धरले जातात, आणि ते सहसा पुरवठादाराच्या गैरसोयीचे असतात. म्हणून मोजमाप यंत्रांवर होणारा खर्च हा अनुत्पादक खर्च आहे असे कृपया समजू नये.

आता पैशाविषयी. केंद्र सरकारने जानेवारी आणि फेब्रुवारी 2023 मध्ये प्रत्येकी 8,000 कोटी रुपयांचे दोन टप्पे करून पहिले सार्वभौम हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी सरकारने काढलेले कर्जरोखे, विकले. रिझर्व्ह बँकेने हरित ठेवींची चौकट 1 जून 2023 पासून लागू केली. अशा ठेवींचा पैसा कुठे वापरता येईल त्या यादीत नवीकरणीय ऊर्जेबरोबर ऊर्जा कार्यक्षमता, पाणी व कचरा व्यवस्थापन आणि प्रदूषण प्रतिबंध हेही आहेत. लघुउद्योगांसाठी सिडबी या लघुउद्योग विकास बँकेच्या ऊर्जा कार्यक्षमतेच्या कर्जयोजना आहेत, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2025 मध्ये सुरू केलेल्या ‘अदिती’ योजनेत पात्र सूक्ष्म व लघु उद्योगांना व्याजात 5 टक्के आणि मध्यम उद्योगांना 3 टक्के सवलत आहे. त्या योजनेत निवडक उद्योगक्षेत्रे आणि औद्योगिक समूह टप्प्याटप्प्याने घेतले जातात, त्यामुळे आपले क्षेत्र व ठिकाण त्यात बसते का हे अर्ज करण्यापूर्वी तपासून घ्यावे.

इतके मार्ग असूनही माझ्या पाहण्यातील बहुतेक अर्ज सौर संचाचेच असतात. याचे कारण तांत्रिक नाही. सौर पॅनेल डोळ्यांना दिसते, त्याचे मूल्यांकन करता येते, ते तारण म्हणून धरता येते आणि वसुलीची वेळ आली तर काढून विकताही येते. हवेच्या नळीतील गळती बंद केल्याने वाचलेली वीज मात्र कोणत्याही शाखा व्यवस्थापकाला तारण म्हणून दाखवता येत नाही. मी येथे बँकेला दोष देत नाही. तिच्या नियमांत ते वागणे शहाणपणाचे आहे. पण त्यामुळे सर्वांत स्वस्त बचत सर्वांत शेवटी होते, आणि गळक्या यंत्रणेला वीज पुरवण्यासाठी गरजेपेक्षा मोठा सौर संच उभा राहतो.

आपल्याच कारखान्यातील संकुचित हवेचे उदाहरण घ्या. मशिनिंगच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर दिवसभर चालतो, आणि देखभाल नीट नसलेल्या कारखान्यात त्याच्या हवेपैकी 20 ते 30 टक्के हवा सांधे, जुने पाइप आणि उघड्या झडपा यांतून निघून जाते. साधारण 7 बार दाबावर 3 मिलिमीटर व्यासाचे एकच छिद्र कॉम्प्रेसरवर सुमारे 3 किलोवॅटचा भार टाकते. वर्षाला 6,000 तास काम धरले तर ते 18,000 युनिट झाले; 9 रुपये दराने 1 लाख 62 हजार रुपये, आणि देशाच्या वीजजाळ्यातील प्रत्येक युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर साडेबारा टनांच्या आसपास उत्सर्जन. मराठवाड्याच्या उन्हात 1 किलोवॅटचा सौर संच वर्षाला ढोबळमानाने 1,400 ते 1,500 युनिट देतो. याचा अर्थ, त्या एका छिद्राची भरपाई करण्यासाठी 12 किलोवॅटहून अधिक क्षमतेची पॅनेल छतावर लावावी लागतील. छिद्र बुजवायला एक सांधा आणि कामगाराचा अर्धा तास पुरतो. हवेचा दाब गरजेपेक्षा अधिक ठेवण्याची सवयही अशीच महाग असते. 1 बार दाब कमी केला, तर कॉम्प्रेसरची वीज साधारण 6 ते 7 टक्क्यांनी घटते. रविवारी उत्पादन बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून ठेवावा, दाब किती वेळात उतरतो आणि यंत्र पुन्हा किती वेळ भार घेते ते घड्याळ लावून लिहावे. गळती किती आहे हे त्यावरून काढता येते, आणि त्यासाठी कोणताही सल्लागार लागत नाही.

मोटारींचा हिशेबही मालकांच्या समोर क्वचितच मांडला जातो. 7.5 किलोवॅटची, म्हणजे 10 अश्वशक्तीची चार ध्रुवांची जुनी आयई-1 (आयई हा मोटारीच्या कार्यक्षमतेचा वर्ग; आकडा मोठा तितकी ती कार्यक्षम) मोटार 86 टक्के कार्यक्षम असते आणि आयई-3 मोटार 90.4 टक्के. पूर्ण भारावर वर्षाला 6,000 तास चालणाऱ्या मोटारीत या फरकाचे सुमारे 2,550 युनिट होतात, म्हणजे वरच्याच दराने 23 हजार रुपयांच्या आसपास. अनेकदा जळालेली मोटार पुन्हा गुंडाळून घेतली जाते आणि तिची कार्यक्षमता आणखी घसरते. तेव्हा मोटार जळेल त्या दिवशी नवी आयई-3 किंवा आयई-4 बसवायची, असा निर्णय आजच लिहून ठेवावा. पंप आणि पंखे यांना जिथे कमी-जास्त प्रवाहाची गरज आहे, तिथे वेग बदलणारी व्हीएफडी बसवल्यास फायदा मोठा असतो, कारण प्रवाह 20 टक्क्यांनी कमी केला की वीज जवळपास निम्म्यावर येते. जिथे भार कायम पूर्ण असतो तिथे मात्र तेच उपकरण स्वतःची थोडी वीज खाते आणि काहीच वाचवत नाही. विक्रेता हे सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

या दुरुस्त्या झाल्या, उरलेली मागणी महिनाभर मोजली, की मग सौर संचाचे माप घ्यावे. सौर ऊर्जेला माझा विरोध आहे असा समज होऊ नये. आपल्या भागात ऊन मुबलक आहे, शेडची छते मोठी आहेत आणि औद्योगिक वीज महाग आहे, त्यामुळे हा व्यवहार बहुतेक ठिकाणी किफायतशीर ठरतो. छत पुरत नसेल, तर 2022 च्या हरित ऊर्जा खुला प्रवेश नियमांनी मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणल्यामुळे मध्यम कारखान्यांनाही बाहेरच्या प्रकल्पातून वीज घेता येते. दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. महाराष्ट्रातील वीजदरांची रचना रात्रीच्या सवलतीकडून दिवसा, सौर तासांत सवलत देण्याकडे वळत आहे. म्हणजे जी वीज आपले पॅनेल वाचवणार, तिची किंमत पुढे कमी होऊ शकते, आणि संध्याकाळचा भार दिवसा आणण्याचे मोल वाढते. पाण्याच्या टाक्या गरम करणे, पंपिंग, कॉम्प्रेसरची साठवण अशी कामे दिवसा हलवता येतात का ते पाहावे. दुसरे म्हणजे, ‘एक रुपयाही न लावता सौर’ अशा करारांत मुदत दीर्घ असते आणि ठरलेली वीज उचलण्याची अट असते; उद्या आपण बचत केली तरी त्या विजेचे पैसे द्यावेच लागतात. बचतीची कामे आधी करा असे मी सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

आपल्या कारखान्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग माझ्या मते प्लेटिंगचा आहे, आणि कार्बनच्या हिशेबात तो सर्वांत कमी दिसतो. प्लेटिंगच्या टाकीतून भाग बाहेर काढताना त्याच्या अंगाला रसायनाचा पातळ थर चिकटून येतो. तो धुण्याच्या पाण्यात जातो, आणि ते पाणी सतत बदलावे लागते. समजा ताशी 1 लिटर रसायन असे ओढले जाते आणि शेवटच्या धुण्यात ते हजार पटींनी विरळ व्हायला हवे. एकाच टाकीत धुतले, तर ताशी सुमारे 1,000 लिटर पाणी लागते. दोन टाक्या लावून पाणी भागांच्या उलट दिशेने, म्हणजे शेवटच्या टाकीतून आधीच्या टाकीत सोडले, तर तेवढ्याच स्वच्छतेला सुमारे 32 लिटर पुरतात, आणि तीन टाक्यांत सुमारे 10 लिटर. प्रत्यक्षात ढवळणे अपुरे असते, भागांत खाचा असतात, त्यामुळे आकडे इतके देखणे येत नाहीत. तरीही 80 ते 90 टक्के बचत सहज होते. यासाठी लागणारे तंत्रज्ञान म्हणजे एक जादा टाकी, उतारावरचा पाइप आणि रॅक टाकीवर आणखी काही सेकंद निथळू देण्याची शिस्त. पहिल्या धुण्यातील घट्ट झालेले पाणी बाष्पीभवनाने घटलेल्या मूळ टाकीत परत घालता येते, म्हणजे रसायनही वाचते. सांडपाणी इतके कमी झाले की प्रक्रिया यंत्रणा लहान पुरते, आणि गाळही कमी निघतो.

जस्तावरील पॅसिव्हेशनसाठी, म्हणजे गंज रोखणाऱ्या पातळ थरासाठी, षट्संयुजी क्रोमियम अजून वापरात असेल, तर ते बंद करून त्रिसंयुजी प्रक्रियेकडे वळावे. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि ते टाकीजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या श्वासात जाते. इथे परतफेडीच्या कालावधीचा प्रश्न मी विचारातच घेत नाही. पावडर कोटिंगपूर्वीच्या फॉस्फेटिंगबाबत, म्हणजे कोटिंग घट्ट धरावे म्हणून आधी दिल्या जाणाऱ्या थराबाबत, मात्र खर्चाच्या बाजूनेही बोलता येते. जस्त-फॉस्फेटची टाकी साधारण 45 ते 55 अंशांवर ठेवावी लागते आणि तिच्या तळाशी सतत गाळ साचतो, जो घातक कचरा म्हणून पाठवावा लागतो. झिर्कोनियमवर आधारित नवी पूर्वप्रक्रिया खोलीच्या तापमानाच्या आसपास चालते आणि गाळ अत्यल्प देते. रसायन महाग असते, आणि धुण्यासाठी चांगल्या प्रतीचे पाणी लागते. पण टाकी तापवण्याचा खर्च, गाळाची विल्हेवाट आणि नळ्या साफ करण्यासाठी उत्पादन थांबवणे हे सारे एकत्र मांडले, की चित्र बदलते. ग्राहकाच्या गंज-चाचणीत भाग उत्तीर्ण होतात का, हे आधी लहान प्रमाणात तपासून मगच पूर्ण लाइन बदलावी.

पाण्यावर मी इतका भर का देतो, हे मराठवाड्यातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने येथील मद्यनिर्मिती उद्योगांचे पाणी टप्प्याटप्प्याने 60 टक्क्यांपर्यंत तोडण्याचा आदेश दिला, आणि इतर उद्योगांनाही कपात सोसावी लागली. छत्रपती संभाजीनगर शहर आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या वसाहती पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, अवलंबून आहेत. वरच्या अंगाच्या नाशिक-अहिल्यानगरमधील धरणांतून पाणी सोडण्याचा वाद तुटीच्या वर्षांत नव्याने उभा राहतो. भूगर्भातही फारसा आधार नाही, कारण दख्खनच्या काळ्या कातळात पाणी साठण्याजोग्या जागा मर्यादित आहेत. एमआयडीसीच्या पाण्याचे बिल विजेच्या बिलाशेजारी किरकोळ दिसते, म्हणून पाणी वाचवण्याची गुंतवणूक परतफेडीच्या गणितात मागे पडते. पाणीच आले नाही तर जितके दिवस उत्पादन बंद राहील त्याची किंमत या गणितात धरली जात नाही. ती धरावी, आणि बँकेच्या अर्जातही तशी लिहावी.

पाणी आणि कार्बन यांचे हित नेहमी एकाच दिशेला असते असेही नाही. सांडपाण्याचा एकही थेंब बाहेर न सोडण्याची अट जिथे लागू होते, तिथे शेवटचे खारट पाणी बाष्पकात आटवावे लागते. एका टप्प्याच्या बाष्पकाला 1 टन पाण्यामागे जवळपास 1 टन वाफ लागते. चार टप्प्यांच्या बाष्पकाला साधारण पाव टन ते 0.3 टन. ती वाफ कोळशावर तयार होत असेल, तर नदी वाचवताना धूर वाढतो. यावर उपाय यंत्राच्या अलीकडे आहे. बाष्पकापर्यंत पोहोचणारे पाणीच कमी करावे, क्षारयुक्त आणि क्षारविरहित प्रवाह सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत, आणि मगच बाष्पकाचे माप ठरवावे. मी असे प्रकल्प पाहिले आहेत जिथे सगळे सांडपाणी एका टाकीत मिसळून, त्या मिश्रणासाठी दुप्पट क्षमतेची यंत्रणा घेतली गेली आणि वाफेच्या खर्चामुळे ती काही महिन्यांत बंद पडली. कर्ज मात्र हरितच होते. आपल्यासारख्या लहान कारखान्याने स्वतःचा बाष्पक उभारण्यापेक्षा वसाहतीतील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा वापर करणे बहुधा अधिक योग्य ठरते, पण तिथे जाणाऱ्या पाण्यात जड धातू ठरलेल्या मर्यादेत आहेत याची जबाबदारी आपलीच राहते.

शेजारच्या जालन्यातील पोलाद उद्योगाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल, कारण आपण तेथील पोलादही घेत असाल. तेथील विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांत लोखंडी भंगार आणि स्पंज आयर्न (खनिज न वितळवता त्यापासून काढलेले लोखंड) वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, ओततात आणि त्यापासून सळया लाटतात. पोलाद वितळवायला सिद्धांततः टनामागे 390 युनिटांच्या आसपास ऊर्जा पुरते; प्रत्यक्षात 550 ते 700 युनिट लागतात. झाकण उघडे ठेवणे, ओतणीसाठी वितळलेला रस थांबवून ठेवणे, गंजलेले व मातीने भरलेले भंगार टाकणे यांत हा फरक जातो. लाल बिलेट थंड होऊ न देता थेट लाटण यंत्रात नेले, तर पुन्हा तापवण्याच्या भट्टीचे इंधन जवळजवळ पूर्ण वाचते. भट्टी, ओतणी आणि मिल यांचा वेग जुळवणे एवढेच अवघड काम त्यात असते.

केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते पोलाद हरित, आणि 1.6 टनांखाली पाच तारे. भंगारावर चालणारी भट्टी हे निकष सहज गाठू शकते, कारण 600 युनिट विजेचे उत्सर्जन 420 किलोच्या आसपास येते. कोळशावर बनवलेले स्पंज आयर्न मोठ्या प्रमाणात घातले की मात्र त्याचे उत्सर्जनही हिशेबात येते आणि तारे झपाट्याने कमी होतात. भट्टीवर सौर वीज आणण्याआधी भट्टीत काय टाकले जाते ते पाहावे लागते. चांगले, वर्गवारी केलेले भंगार मिळवण्यासाठी लागणारी कातरयंत्रे, गठ्ठे बांधणारी प्रेस आणि जुनी वाहने मोडणारी केंद्रे यांत गुंतवणूक झाली, तर जालन्याचा पोलाद उद्योग देशात पुढे राहील असे मला मनापासून वाटते.

साखर आणि इथेनॉल यांविषयी माझे मत अधिक सावध आहे. साखर कारखाना योग्य रीतीने चालवला तर तो जवळपास स्वयंपूर्ण होऊ शकतो. उसाच्या वजनात सुमारे 70 टक्के पाणी असते, त्यामुळे रोज 2,500 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात उसाबरोबर 1,750 टनांच्या आसपास पाणी येते, आणि कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेले पाणी, नीट थंड करून व शुद्ध करून वापरले, तर बाहेरचे पाणी जवळजवळ लागत नाही. गाळपाच्या 28 ते 30 टक्के बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, निघतो, त्यावर वाफ आणि वीज तयार होते. रस गाळल्यावर उरणाऱ्या प्रेसमडपासून संकुचित जैववायू बनवता येतो. केंद्राच्या ‘सतत’ योजनेने 2018 पासून त्याला बाजारही दिला. आसवनीत 1 लिटर अल्कोहोलमागे 8 ते 12 लिटर स्पेंटवॉश हे सांडपाणी निघते, त्यापासून आधी जैववायू आणि नंतर आटवून बॉयलरमध्ये जाळण्याचे तंत्र स्थिरावले आहे. कारखान्याच्या कुंपणाच्या आत पाहिले, तर इतका चांगला हरित उद्योग दुसरा सापडणार नाही.

कुंपणाबाहेर मात्र उसाला एका हंगामात 1,500 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागते. मराठवाड्याचा पाऊस सरासरीत त्याच्या निम्म्यालाही धडपणे पोहोचत नाही. उरलेले धरणातून आणि विंधन विहिरीतून येते. इथेनॉल प्रकल्पाला कर्ज देताना पेट्रोलऐवजी जाळलेल्या इंधनाचा कार्बन मोजला जातो, बीड वा धाराशिवच्या विंधन विहिरीचे पाणी कोणी मोजत नाही. कमी पावसाचा फटका धोरणालाही बसतो: डिसेंबर 2023 मध्ये उसाचे उत्पादन घटण्याच्या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल बनवण्यावर निर्बंध घातले, आणि नव्या आसवन्यांच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. माझ्या हातात असते, तर या प्रकल्पांच्या कर्जाला कार्यक्षेत्रातील उसाचे ठिबकखालील क्षेत्र आणि भूजलपातळी यांची अट जोडली असती. ठिबकचा खर्च शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी न मारता तो प्रकल्पाच्या भांडवलातच धरायला हवा, कारण तो कच्च्या मालाच्या सुरक्षिततेचा खर्च आहे.

लातूरच्या तेल आणि डाळ उद्योगाबाबत थोडक्यात. तेथे आणि आपल्याकडेही जिथे बॉयलर आहे, तिथे धुराड्यातून जाणाऱ्या वायूचे तापमान रोज लिहावे. ते 22 अंशांनी कमी केले की इंधन साधारण 1 टक्क्याने वाचते, आणि बॉयलरला जाणारे पाणी 6 अंशांनी अधिक गरम केले तरी तेवढीच बचत होते. कोळशाऐवजी पऱ्हाटी, तुराटी आणि सोयाबीनचा भुसा यांच्या कांड्या, ज्यांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात, त्या वापरण्याला माझा पाठिंबा आहे. कापसाची पऱ्हाटी हंगाम संपताच शेतातून काढली, तर गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही तुटतो, आणि गोळा करणाऱ्याला रोजगार मिळतो. पण कांडी वजनावर विकली जाते आणि उष्णता तिच्या ओलाव्यावर ठरते, म्हणून खरेदीचा दर उष्मांकाशी आणि ओलाव्याच्या चाचणीशी बांधून घ्यावा. असे न केल्यामुळे काही महिन्यांत कोळशाकडे परतलेले कारखाने मी पाहिले आहेत.

आता आपल्या निर्णयाकडे येतो. बँकेला सौर कर्जासाठी नकार देऊ नका. प्रस्ताव बदलून द्या. प्रस्तावात हवेची गळती, मोटारी, उलट प्रवाहाच्या टाक्या, पूर्वप्रक्रियेचा बदल आणि त्यानंतर उरलेल्या मागणीइतका सौर संच हे एकच एकत्रित काम म्हणून मांडावे. सौर पॅनेल तारण राहील, आणि बचतीच्या कामांमुळे हप्ता फेडण्याची क्षमता वाढेल, हे आकड्यांत दाखवले तर शाखा पातळीवरही ते समजते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडून प्रमाणित झालेल्या लेखापरीक्षकाचा अहवाल सोबत असल्यास व्याज सवलतीच्या योजनांसाठीही तोच उपयोगी पडतो. वाळूजमध्ये मसिआ आणि सीएमआयए यांसारख्या संघटना आहेत. तुमच्यासारखे प्लेटिंग करणारे आणखी काही उद्योजक एकत्र आले, तर लेखापरीक्षणाचा खर्च वाटून घेता येईल, आणि रसायन पुरवठादाराशी दर ठरवतानाही वजन येईल.

यंत्र पुरवठादाराशी करार करताना बचतीची हमी लेखी घ्यावी, आणि ती ‘30 टक्के बचत’ अशा शब्दांत न घेता एका नगामागे किती युनिट व किती लिटर, अशा शब्दांत घ्यावी. उत्पादन वाढले वा घटले तरी एका नगाचा आकडा खरे सांगतो. त्याबरोबर महिन्याचा एकूण आकडाही ठेवावा, कारण नगामागे खर्च कमी झाला म्हणून दुसरी लाइन टाकली, तर नदीतून उचललेले पाणी शेवटी वाढलेलेच असते, आणि नाथसागराला आपल्या नगांची संख्या माहीत नसते.

यासाठी मुख्य पॅनेलवर एक, कॉम्प्रेसरवर एक, कोटिंगच्या भट्टीवर एक असे वीजमीटर आणि प्लेटिंगच्या प्रत्येक धुण्याच्या नळावर पाणीमीटर बसवावा. पाणीमीटर स्वस्त असतात. तेवढ्यासाठी कर्जाची वाट पाहू नये. सलग 3 महिन्यांच्या नोंदी हाती आल्या, की त्याच नोंदी ग्राहकाच्या कार्बन हिशेबात, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या नूतनीकरणात आणि बँकेच्या प्रस्तावात अशा तिन्ही ठिकाणी वापरता येतील. त्या नोंदी आणि आपल्या प्लेटिंग लाइनचा आराखडा मला पाठवला, तर टाक्यांची संख्या आणि सौर संचाची क्षमता किती असावी हे नेमके सांगता येईल.